सर्व्हरवरचं रिकामं फोल्डर

सातपूरला आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं, सहा माणसं आणि एक सर्व्हर. २००९च्या सुमाराची गोष्ट. सगळ्यांत जुना मी. त्यामुळे मला सगळं येतं अशी माझी समजूत, आणि इतरांचीही मी ती करून दिलेली.

सिन्नरहून एसटीने येणाऱ्या एक मॅडम तीन महिन्यांच्या बोलीवर लागल्या होत्या. काम पसंत पडलं तर कायम. तोवर आम्ही फायलींना ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं देऊन दिवस काढत होतो. त्यांनी फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट आणलं, सर्व्हरवर बेअर रिपॉझिटरी केली. तिच्यात फायली उघड्या पडलेल्या नसतात, नुसता बदलांचा इतिहास साठवलेला असतो. काम करायचं तर आपल्या मशीनवर तिचा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, काढायचा; मग फायली दिसतात. सर्व्हरवर परस्पर कुणी हात घालू नये म्हणून ही सोय. त्यांनी हे समजावलं तेव्हा मी मान डोलावली. कळलं काडीचंही नव्हतं, पण विचारायची लाज वाटली.

बोली संपायच्या दिवशी मॅडमचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. साहेब मला म्हणाले, “सर्व्हरवरून दाखवा त्यांचं काम.” मी रुबाबात फोल्डर उघडलं. आत चारदोन अनोळखी फोल्डरं. प्रोग्रॅमची एक फाईल नाही.

“साहेब, इथं तर काहीच नाही.”

“सर, त्यात फायली तशा दिसत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “क्लोन करून दाखवते, दोन मिनिटं द्या.”

“मॅडम, मला शिकवू नका. असत्या तर दिसल्या असत्या.”

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! साहेबांनी माझाच शब्द खरा मानला. मॅडमनी डबा पिशवीत घातला आणि दुपारच्याच एसटीने गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर, त्यांनी वहीत लिहून दिलेली कमांड बघून मी क्लोन काढला. फायली भराभर उतरल्या. तीन महिन्यांचं काम, प्रत्येक बदलापुढे त्यांचं नाव. माझी कानशिलं तापली. साहेबांकडे गेलो तो खरं सांगायलाच. तोंडातून निघालं, “गेलेलं काम मी परत मिळवलं.” त्यांनी पाठ थोपटली. आजही आठवलं की माझी मलाच किळस येते.

चार दिवसांनी मॅडमचा ऑफिसात फोन आला. मला वाटलं, आता भांडतील. तो त्यांचा हक्कच होता.

“सर, क्लोन निघाला का? तुमचं काम अडायला नको म्हणून विचारलं.”

साहेब समोरच बसले होते.

“राँग नंबर,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.