सोडलेला जीव काढायचा नाही

"विहिरीत सोडलेला जीव परत काढायचा नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही!" मुंबईत, घोडपदेवच्या आमच्या चाळीत मूल बोलायला लागलं की आधी हे शिकवतात. विहीर चाळीच्या मागे, देवळाला लागून. श्राद्ध असो, नवस असो, तिच्यात एखादा जीव सोडायचा. पुण्य लागतं म्हणे. पूर्वी गावच्या ओढ्यातले मासे सोडायचे. आता अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून जीव आणतात.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि "का" विचारायला लागले. तेव्हापासून किस्से साठतच चाललेत. विहिरीतल्या कासवांसारखेच: आणलं कुणी ते कुणी कबूल करत नाही, वाढतात मात्र जोरात!

* * *

पहिल्या मजल्यावरच्या परबकाकांनी वास्तूसाठी कासव आणलं. रुपयाएवढं, कानाजवळ लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं." बघता बघता ते ताटलीएवढं झालं आणि काकूंच्या बोटाला कडकडून चावलं. लगेच काकांना भूतदया आठवली. नारळ फोडून त्यांनी त्याला विहिरीत "मुक्त" केलं!

"काका, हे अमेरिकेतलं कासव आहे. विहिरीतले मासे, बेडूक सगळं फस्त करेल."

"अमेरिकेतलं तर अमेरिकेतलं! आमचा संदीपसुद्धा अमेरिकेतच आहे."

"हो, पण त्याला तिथे कुणी विहिरीत नाही ना सोडलं!"

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बेडूक मात्र कायमचे गप्प झाले.

* * *

सावंतकाकूंनी नर्सरीतून मातीची गोण आणली. मातीतून आली मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय. मी ओरडले, "काकू, मिठाच्या पाण्यात टाका तिला, आत्ताच्या आत्ता!"

"गप गो! पाठीर शंख घेऊन इली हा. लक्षुमी ती!"

काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि तुळशीत ठेवलं. सकाळी तुळशीच्या नुसत्या काड्या! मग गॅलरीतला अळू गेला, मग शेजारची मिरची. आता दर पावसाळ्यात चाळभर गोगलगायी आणि दर पावसाळ्यात नवी रोपं, नवी माती. "गोगलगाय नि पोटात पाय" ही म्हण मला लहानपणी काकूंनीच शिकवली होती.

आता त्या म्हणतात, "कोणाची तरी दृष्ट लागली माझ्या तुळशीक!"

* * *

आप्पा म्हणजे माझे चुलत आजोबा आणि चाळ कमिटीचे अध्यक्ष. जांभळी फुलं देवाला छान दिसतात म्हणून त्यांनी कुठून तरी जलपर्णी आणून विहिरीत टाकली. आता पाणीच दिसत नाही. मुळं विहिरीचं पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या तळच्या झडपेत अडकली, मोटर जळली. दुरुस्त केली, पुन्हा जळली. मेंटेनन्स वाढला, आणि माझी आई दुखऱ्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायला लागली.

मीटिंगमध्ये आप्पा गरजले, "हे बाहेरचे भाडेकरू आले आणि चाळीचं वाटोळं झालं!"

मला राहवलं नाही. "आप्पा, भाडेकरू पोटासाठी आलेत. भाडं देतात, वर आईच्या बादल्यासुद्धा उचलतात. विहिरीतले बाहेरचे तुम्ही आणलेत. ते काय देतात?"

"पुण्य!" आप्पा म्हणाले.

आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

* * *

शीव कोळीवाड्याच्या मंदामावशी चाळीत मासे विकायला येतात. एकदा त्यांनी टोपलीतून एक काळा, खरखरीत, काटेरी मासा काढून आपटला. टँक क्लीनर, काचेवरचं शेवाळ खातो म्हणून पाळतात तो! कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतून नाल्यात सोडलेला, तिथून खाडीत पोचलेला.

"खायला नाय, विकायला नाय, नुसता जाळी फाडतो," मावशी वैतागल्या. "आमचा मानूस मासे मारायचा सोडून जाळीच शिवत बसतो."

परबकाका तिथेच उभे होते. "जाऊ द्या हो मावशी. मुका जीव. सोडणाऱ्याला पुण्य लागलं असेल."

"तुमचा पुण्य आमचे जाळ्यात येतो, काका! न्या घरी!" मावशींनी मासा त्यांच्या हातात कोंबला.

तो अजून जिवंत होता. पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो तो. काकांनी हळहळत त्याच्याकडे पाहिलं आणि तडक विहिरीकडे निघाले!

* * *

गेल्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध झालं. चाळीतले सगळे म्हातारे विहिरीपाशी जमले. आप्पांनी प्लॅस्टिकचा डबा माझ्यापुढे धरला. आत रुपयाएवढं कासव, कानाजवळ लाल पट्टा.

"आजीची लाडकी तू. तूच सोड."

"मी नाही सोडणार."

"अगं, तिच्या आत्म्याचा तरी विचार कर!"

"आजीने जन्मभर या विहिरीचं पाणी भरलं, आप्पा. आज इथे हात बुडवायला तरी जागा आहे का?"

"उलट बोलू नकोस! आजच्या दिवशी जीव सोडलाच पाहिजे!"

"सोडलाच पाहिजे ना?"

मी डबा घेतला आणि तळमजल्यावरच्या आप्पांच्या खोलीत शिरले. मोरीत त्यांचं पिण्याच्या पाण्याचं पिंप असतं, सकाळच्या नळाला काठोकाठ भरलेलं. मी झाकण काढलं आणि कासव आत सोडलं.

डुबुक!

दारात सगळे गोळा झाले. परबकाकांनी घाईघाईने बाही वर केली आणि पिंपात हात घालायला वाकले.

"काका," मी म्हटलं, "सोडलेला जीव परत काढायचा नाही."

काकांचा हात पाण्यावर तसाच राहिला. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पिंपात पाहिलं.

कासव आत गोल गोल पोहत होतं.