गिरणीवाल्या बाईनं बसवलेलं इंजिन

माझ्या बायकोच्या हाडांत कॅन्सर उतरलाय असं कळलं, त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून देवाला शिव्या दिल्या. खोटं कशाला लिहू? लष्करात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात गेली, तोंडात शिवी बसलेलीच होती. म्हटलं, 'चाळीस वर्षं हिनं तुझे उपास केले, तुझी भांडी घासली, आणि तिला हे? आजपासून तुझा माझा संबंध संपला.' ती आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून पूजा तिनंच सुरू केली, भिंतीला टेकून, एका हातानं.

दोन महिन्यांनी मिरजेचे डॉक्टर म्हणाले, 'आता औषधांनी फरक पडायचा नाही. त्यांना काय हवं नको ते बघा.' माधवनगरला घरी आलो आणि तिला विचारलं. तिनं जणू उत्तर तयारच ठेवलं होतं. "मला एकदा वाघजाईला न्या. माझ्या हातानं ओटी भरायची हाय." वाघजाई ही तिच्या माहेरची देवी. देऊळ पाटणच्या वर, डोंगराच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर. डांबरी रस्ता पायथ्याला संपतो, पुढं दोन कोस नुसती दगडधोंड्यांची वाट. साधी गाडी तिथं चढत नाही. तिच्या भावानं फोनवर सांगितलं, डोली करून नेतो अक्काला. त्यावर ही फोनमध्येच खेकसली, "आत्तापासनं तिरडी उचलाय निघालास व्हय रं? मी बसून जाणार." त्या दुखण्यातही आवाजाला धार होती. मला हसू आलं, आणि मग शेडमध्ये जाऊन मी पोटभर रडलो.

शेडमध्ये माझी जुनी जीप पडून होती. लिलावात हौसेनं घेतलेली. चारी चाकं ओढणारी, पण इंजिन जाम झालेलं. मी एका मोडीत निघालेल्या पिकअपचं डिझेल इंजिन आणलं, मधे प्लेट बनवून घेतली आणि जीपच्या जुन्या गिअरबॉक्सला जोडलं. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी पायांवर चेसीत बसतात, त्यांना आम्ही माउंटिंग म्हणतो. पुढची दोन माउंटिंग मी वेल्डिंग करून बसवली, बोल्ट गच्च आवळले, आणि मग मागं गिअरबॉक्सकडे गेलो. तिथलं भोक जुळेना. अर्ध्या बोटाचा फरक. तिथंच थांबायला हवं होतं. पण दिवस हातातून चालले होते, आणि मी बावीस वर्षांचा मेकॅनिक! पहार घातली, सगळा जोर लावून गिअरबॉक्स खाली आणि पुढं ओढला, आणि बोल्ट हातोड्यानं ठोकून आत घातला. बसला. मी मिशीवर हात फिरवला.

गाडी सुरू झाली आणि जी थरथरायला लागली, ती थांबेचना. पायाखालचा पत्रा, सीट, आरसा, सगळं कापत होतं. मला तेवढी थरथर काहीच नव्हती. पण तिला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आजही माझ्या कानात आहे. तिच्या हाडाहाडात ती थरथर जात होती. मी काय करावं? रोज सकाळी पाना घेऊन खाली शिरायचो आणि बोल्ट आणखी आवळायचो. जेवढं आवळावं तेवढी थरथर वाढायची. कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कमीपणा.

शेवटी तीच म्हणाली, "आवं, किती दिस घालवणार? येत्या मंगळवारी निघायचं. सोसंन मी." सीटवर दोन गाद्या घातल्या, पाठीला उशा लावल्या आणि पहाटे निघालो. इस्लामपूरपर्यंत ती ओठ चावून बसली होती. कराड सोडल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. पाटणच्या अलीकडे एका गावात तिनं माझा हात घट्ट धरला. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "परत फिरू या. देवी घरातनंच नमस्कार घेईल." इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी रडली. "एवढं एकच मागितलं होतं की वो मी तुमाला," एवढंच म्हणाली.

मी बॉनेट उघडून नुसता उभा होतो. इंजिन चालूच होतं. रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. तिथून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, केसांपासून पायांपर्यंत पिठानं माखलेली. माझ्याकडे न बघता तिनं बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला आणि कान दिला.

"दादा, कुणी बसवलंय हे?"

"मीच," मी तुसडेपणानं म्हणालो.

"मोप ओढून बांधलंय तुमी त्याला. आमचं इंजिन बी असंच करतं. दर पावसाळ्यात सरकतं, पट्टा उडून पडतो. मग आमी समदं बोल्ट ढिलं करतो, इंजिन चालू करून सोडतो, त्याला जिथं बसायचं तिथं बसू देतो, आन मग आवळतो. ओढून धरलं की ते भांडत बसतंय."

माझं डोकंच सणकलं. पीठ दळणाऱ्या बाईनं मला इंजिन शिकवावं? मी काहीतरी फटकन बोलणार, तेवढ्यात जीपमधून बारीक आवाज आला, "ऐका की जरा. जन्मभर माझं न्हाई ऐकलंत, तिचं तरी ऐका!" त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी गुपचूप पाना काढला.

बाईनं माझ्या बायकोला धरून गिरणीतल्या बाकावर निजवलं. मी इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले आणि खाली शिरलो. पुढचे दोन्ही ढिले केले. मागचा ठोकलेला बोल्ट सुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, आणि गिअरबॉक्स आपणहून वर उचलला गेला, मागं सरकला. इतके दिवस मी त्याला किती पिळून धरलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत दिसलं. बोल्ट नुसते अडकवून ठेवून इंजिन सुरू केलं. ते दोन-तीनदा हललं आणि आपल्या वजनानं बसलं. मागं आता बारीकशी फट राहत होती. बाईनं गिरणीतून पत्र्याची एक जाड पट्टी आणून दिली. ती फटीत घातली, पुढचे बोल्ट आवळले, सगळ्यात शेवटी मागचा. हातानं बसला तो बोल्ट. पहार लागली नाही.

बायकोला परत सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती जरा वेळ वाट बघत बसली. मग घाबरून म्हणाली, "बंद पडली व्हय वो?"

गाडी चालू होती.

निघताना त्या बाईला हात जोडले. ती म्हणाली, "खरं तर मंगळवारी गिरणी बंद असती. शेजारी बारसं हाय, त्यांचं दळण आलं म्हणून उघडली." तिनं वाघजाईसाठी ओंजळभर पीठ कागदात बांधून दिलं आणि आत गेली. यात चमत्कार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी वाद घालणार नाही. आयुष्यात पुष्कळ वाद घातले.

सड्यावर आम्ही पोचलो. ती बसून गेली, शब्दाला जागली. देवळात माझ्या खांद्याचा आधार घेऊन तिनं स्वतःच्या हातानं ओटी भरली. बराच वेळ डोळे मिटून होती. उतरताना मी विचारलं, "काय मागितलंस?" मला वाटलं, चार वर्षं तरी मागितली असतील. ती म्हणाली, "मला आता काय मागायचं हाय? मी गेल्यावर ह्यांनी तुझ्याशी भांडू नये, लय एकटं पडतील, एवढं बघ म्हटलं." मी पुढं बघून गाडी चालवत राहिलो.

सतराव्या दिवशी ती गेली. मी मोकळेपणानं सांगतो, दुःख काही कमी झालं नाही. अजूनही स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मी वळून बघतो. पण तेव्हापासून एक सुटलं. जे माझ्या ताकदीनं जुळत नाही, तिथं मी आता पहार घालत नाही. तिचं जाणंही मी असंच ओढून धरलं होतं, आणि त्या ओढाताणीची कळ तिलाच सोसावी लागत होती. शेवटचे सतरा दिवस मी तिच्याजवळ नुसता बसलो, भांडलो नाही, कुणाशीच. ते दिवस मला त्या गिरणीवाल्या माउलीनं दिले असं मी मानतो.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. कराडच्या पुढं मोठा रस्ता लागल्यावर तिची मान कलली. मला धस्स झालं. बघतो तर तिला झोप लागली होती. दुखण्यामुळं दोन महिने ती सलग अर्धा तास झोपली नव्हती, आणि आता गाडीत, तोंड थोडं उघडं ठेवून, अगदी बारीक घोरत होती. इस्लामपूर गेलं, सांगली गेली. दिवेलागणीला माधवनगर आलं, आमची गल्ली आली. गाडी थांबली असती तर ती जागी झाली असती. मी थांबलो नाही. सरळ तासगावच्या रस्त्याला लागलो. कवलापूरच्या पुढं तिनं अर्धवट डोळे उघडले. "घर आलं न्हाई व्हय अजून?"

"न्हाई. हाय थोडं."

"मग चालू द्या," ती म्हणाली आणि परत झोपली. मी गाडी चालू ठेवली, आणि कितीतरी दिवसांनी, स्टिअरिंगवरचे हात न उचलता, मनातल्या मनात देवीच्या पाया पडलो.