मामाच्या दुकानातला फोटो

नागपुरात माझ्या मामाचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मी, तिच्या शेजारी हार घातलेले आजोबा आणि आजोबांच्या शेजारी दोन वर्षं मी होतो. चांगला मोठ्या फ्रेममध्ये. फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून एक जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक उभा होता. निदान साड्या बघायला आलेल्या बायकांना मामा तसं सांगायचा.

तो गायक नव्हता. तो माझ्या ऑफिसातला मित्र होता.

कॅनडातल्या कनाटाला आम्ही दोघं एकाच टीममध्ये टेलिकॉम सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. तो माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे चार वर्षं मी त्याच्याच गाडीतून ऑफिसला जातोय. विंटर टायर्स बर्फ पडल्यावर नाही, पडायच्या आधी लावायचे असतात, हे मला त्यानं सांगितलं. एका रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन घसरणारी गाडी कशी सावरायची हेही शिकवलं. मी तीनदा गाडी बर्फाच्या ढिगात घातली आणि तिन्ही वेळा तो न बोलता फावडं घेऊन खाली उतरला. परदेशात असा माणूस मिळायला नशीब लागतं, आणि मला ते कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

एकदा लंचरूममध्ये त्यानं एक किस्सा सांगितला होता. लोकांना तो कायम कोणीतरी प्रसिद्ध माणूस वाटतो. कधी बास्केटबॉल खेळाडू, कधी सिनेमातला नट, कधी तो गायक. या तिघांचं एकमेकांशी काही म्हणता काही साम्य नाही. एका ग्रोसरी स्टोअरमध्ये एक गृहस्थ हटूनच बसले, सही द्याच म्हणून. शेवटी यानं कागदावर स्वतःचं खरं नाव लिहून दिलं. गृहस्थ थँक यू म्हणाले, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. नाव वाचलंच नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला. मात्र सगळ्यांच्या आधी थांबला, हे मला नंतर आठवलं.

त्याच वर्षी ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत फोटो बूथ होता. शेजारी खोक्यात प्लॅस्टिकचे गॉगल, खोट्या सोन्याच्या साखळ्या आणि टोप्या ठेवल्या होत्या. त्यानं गॉगल आणि टोपी घातली, मी साखळी घातली, फोटो निघाला. घरी येऊन तो मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ओळखा पाहू, आज कोण भेटलं?"

पाच मिनिटांत एका मावसभावानं गायकाचं नाव लिहिलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसता एक डोळा मिचकावणारा चेहरा पाठवला. मग काय, मोबाईल तापला. आत्याला आठवलं की मी लहानपणापासूनच वेगळा होतो. बेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. तीन डॉक्टर, एक निवृत्त पोलीस अधिकारी. एकानंही विचारलं नाही, हा नक्की तोच का.

विचारलं ते फक्त माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं, आणि ती काही ग्रुपवर नाही. माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत म्हणाली, "डॅड, दे लुक नथिंग अलाइक." मी म्हटलं, अगं गंमत आहे. ती म्हणाली, "सो व्हॉट्स द जोक?" मी तिला होमवर्क करायला पाठवलं.

खरं सांगायचं तर मला मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा मामानं माझा फोटो आजोबांच्या शेजारी लावला, तो का उतरवायला सांगू? आणि एक नवलही वाटायचं. त्या गायकाची गाणी आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात डीजे वाजवतो. त्याच्या गाण्यावर नाचलेल्या माझ्याच चुलतबहिणीच्या बायोडेटात आधी "रंग गोरा" असं लिहिलेलं होतं. त्याचे कपडे आणि त्याची चाल कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ. इतकं सगळं घेतलं, फक्त चेहरा तेवढा कुणी नीट पाहिला नव्हता. गॉगल आणि काळा रंग एवढं पुरत होतं.

यावर मी हुशारीनं विचार करत राहायचो, जणू हा प्रश्न माझ्या नातेवाइकांचा आहे. वास्तविक कनाटाला आल्यावर वर्षभर आमचा मॅनेजर मला टीममधल्या दुसऱ्या भारतीयाच्या नावानं हाक मारायचा. तो सुरतेचा, सहा फुटी, टक्कल पडलेला. मी चांगली लांबलचक ईमेल लिहिली होती, आम्ही दोन वेगळी माणसं आहोत म्हणून. पाठवण्याआधी ती मित्राला वाचायला दिली. त्यानं दोन वाक्यं आणखी कडक करून दिली होती.

गेल्या नोव्हेंबरात आई आली. नागपूरच्या एका शाळेत तिनं तीस वर्षं चित्रकला शिकवली. बॅगा उघडायच्या आधीच म्हणाली, "तुझ्या त्या फोटोतल्या मित्राला जेवायला बोलव. मी सांबारवडी करते." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि आईची सांबारवडी ही नाकारण्याची गोष्ट नाही. गंमत अशी की त्याच आठवड्यात गाडीत मित्रानं स्वतःहून विचारलं, "तुझी आई आलीय ना? कधी भेटवतोस?" मी शनिवार म्हणून मोकळा झालो. बायको कामासाठी मॉन्ट्रियलला गेली होती. तिला फोन केला तर तिनं एवढंच सांगितलं, "शनिवारच्या आत त्याला सांगून टाक."

शुक्रवारी परत येताना सांगितलं. त्यानं माझ्या घरासमोर गाडी थांबवली होती. सगळं सांगितलं, फोटो, डोळा मिचकावणारा चेहरा, मामाचं दुकान. हसत हसत सांगायला सुरुवात केली होती. शेवटाला आलो तोवर हसू आपोआप गेलं होतं.

तो समोर बघत होता. म्हणाला, "किती जण आहेत ग्रुपमध्ये?"

"बेचाळीस."

"आणि कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

त्यानं वायपर बंद केले. मग त्यानं विचारलं, "सेंड करताना तुला माहीत होतं का, कोणी विचारणार नाही म्हणून?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण तो ओरडला असता तर ते सोपं गेलं असतं. तो खरोखरच जाणून घ्यायला विचारत होता. मी हो म्हटलं. म्हणजे त्यावरच तर सगळी गंमत उभी होती.

"ओके," तो म्हणाला. मी उतरलो. उद्या येतोस ना, हे विचारायचा धीर झाला नाही. रात्रभर मी स्वतःवर चिडत होतो, आणि लाज वाटत होती ती वेगळी.

तो आला. दुपारी बरोबर साडेबाराला, हातात ब्लूबेरी पायचं खोकं घेऊन. आई दारात उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहतच राहिली. वर्गातल्या पोरांनी काढलेल्या चेहऱ्यांकडे ती तशीच पाहायची. मी घाईघाईनं म्हटलं, "आई, एक सांगायचं राहिलं, हा तो गायक नाही."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "फोटो आला त्याच दिवशी मी पाहून घेतलं होतं. याच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे. त्याची सुटी लोंबते. अन् हनुवटी तर कुठच्या कुठं."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं त्याच्या हातातलं खोकं घेतलं. "तुझा मामा किती खूश होता. अन् बाया मला विचारून राहिल्या होत्या, तुमचा मुलगा खरंच भेटला का त्याला? मलेही बरं वाटलं. चुकलंच माझं."

मित्र माझ्याकडे बघत होता. मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला, पाळीसकट. त्यानं नकळत कानाला हात लावला. "म्हणजे एक जण होतं," तो म्हणाला.

जेवताना आईनं नागपूरच्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, गाव कोणतं? माझ्या डोक्यात चार वर्षं जमैका होतं. का, ते मला सांगता येणार नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, नोव्हा स्कोशिया. त्या आधी? नोव्हा स्कोशिया. त्याच्या घराण्याची माणसं दोनशेहून जास्त वर्षं तिथं आहेत, कॅनडा नावाचा देश व्हायच्या आधीपासून. आजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. त्याला स्वतःला मात्र सूर अजिबात लागत नाही, हे ऐकून माझी मुलगी खूप हसली. आईनं त्याच्या ताटात आणखी दोन वड्या टाकल्या आणि मला म्हणाली, "म्हणजे इथं पाहुणे आपण."

ब्लूबेरी पाय खाऊन झाल्यावर मी त्याच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं. हा गायक नाही, हा माझा मित्र. खाली त्याचं नाव, गाव, काम, आणि मी मुद्दाम तुम्हाला तसं वाटू दिलं, हेही. नागपुरात तेव्हा रात्र होती, तरी मामा जागा होता. त्याचं उत्तर लगेच आलं.

"काय लिहिलंय?" मित्रानं विचारलं.

मी वाचून दाखवलं, "अरे बापरे. म्हणजे आता फोटो उतरवावा लागेल."

आईनं कपाळाला हात लावला. मित्रानं मान हलवली. "थँक्स," तो म्हणाला, "हे बदलून सांगितलं नाहीस." निघताना त्यानं आईला वाकून मिठी मारली, मुलीला टाळी दिली. माझ्याशी हात मिळवला. सोमवारचं काही बोलला नाही.

सोमवारी सात वीसला मी नेहमीसारखा कोपऱ्यावर उभा राहिलो. थंडी कडक होती. बसचं वेळापत्रक मी आदल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. सात पंचवीस झाले. मग गाडी आली.

इथल्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे असतो; मी त्याच्या उजव्या हाताला बसलो, बेल्ट लावला. त्यानं गाडी सुरू केली नाही. डोक्यावरची लोकरी टोपी त्यानं पार डोळ्यांपर्यंत खाली ओढली आणि म्हणाला, "माझ्या एका भुवईत जुनी खोक आहे. लहानपणी आइस हॉकी खेळताना लागलं होतं. कोणत्या बाजूला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. चार वर्षं, रोज जाताना चाळीस मिनिटं, येताना तेवढीच. पार्किंग लॉटमधलं फावडं आठवलं, त्याचे हातमोजे आठवले. भुवई काही केल्या दिसेना.

"डावी," मी म्हटलं.

त्यानं टोपी वर सरकवली. खोक उजव्या भुवईत होती. त्याच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला रोज दिसते, त्याच बाजूला.