काकूंच्या पायापाशी राहिलेला बोल्ट

आमचे मिस्त्री म्हंजे दादामियाँ. जळकोटात हायवेला लागून त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज हाय, अन् मागच्या अंगाला आमचं घर. चाळीस वर्सं झाली लग्नाला. ह्या चाळीस वर्सांत "हे मला जमत न्हाय" असं त्या माणसाच्या तोंडून म्या एकदा बी ऐकलं न्हाय. ट्रॅक्टर आणा, हो म्हणतील. पाण्याची मोटार आणा, हो. एकदा मशिदीतलं घड्याळ आणलं, त्याला बी हो. घड्याळ चालू केलं म्हणा त्यांनी, पण ते उलटं फिरायला लागलं. आठ दिवस लोक त्याच्याकडं बघून बोटांवर हिशेब करत होते.

उघडायचा लई नाद. वस्तू दिसली की ह्यांची बोटं चुळबुळतात. उघडायची, गोणपाटावर मांडायची, समोर बसून चहा प्यायचा अन् "वा, काय डोकं लावलंय बनवणाऱ्यानं" म्हणायचं. बसवायची बारी आली की नेमकं दुसरं गिऱ्हाईक येतं. माझा मिक्सर असाच चार वर्सांमागं उघडला. "घरघर करतोय शरिफा, बघतो जरा." बघतायत अजून. मिक्सर फळीवर, त्याचे स्क्रू चहापत्तीच्या डब्यात अन् म्या पाट्यावर. चटणी वाटताना वरवंट्याच्या दर फेऱ्याला ह्यांचं नाव घेते. त्यात प्रेम किती अन् शिव्या किती ते अल्लालाच ठाऊक.

तर अशा माणसाकडं अणदूरचे अमरसिंह आले. मोठी जमीन, मोठं घर, मोठ्या मिशा. म्हणाले, "मिस्त्री, वडलांची जुनी गाडी हाय. इंजिन जाम झालंय. इंजिन अन् गिअरबॉक्स बाहेर काढून उघडावा लागंल. सोलापूरचे मिस्त्री नको म्हणाले. तुम्हाला जमंल का?"

हे काय म्हणाले असतील ते सांगायला पायजे का?

म्या संगं गेले. ह्यांना एकट्याला सोडलं की हे अजून कशाकशाला हो म्हणतील, त्याचा भरवसा न्हाय.

गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात होती. लाल, दोनच शिटांची, वरनं उघडी, इंग्रजांच्या देशात बनलेली. इतकी बुटकी की म्हशीच्या पोटाखालनं निघून जाईल. भूकंपाच्या आधल्या साली बंद पडली ती तिथंच. चालवायच्या शिटावर कोंबडी बसली होती. तिला उठवलं तर खाली दोन अंडी निघाली. मिस्त्रींनी अंडी माझ्या हातात दिली अन् बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "वा, काय डोकं लावलंय बनवणाऱ्यानं." म्या मनात म्हणलं, गेली गाडी.

तेवढ्यात अमरसिंहांच्या आई आल्या. द्वारकाबाई. ब्याऐंशी वर्सांच्या, काठी हातात पण टेकवत न्हाईत, दाखवायला धरतात. सगळा गाव त्यांना काकू म्हणतो. त्यांनी गाडीकडं बघितलं अन् मला म्हणाल्या, "शरिफाबी, ही गाडी मालकांनी हैदराबादेतनं आणली तवा माझं लेकरू तान्हं होतं. पंचवीस वर्सं चालवली त्यांनी. मला एकदा बी बसवलं न्हाय. पदर चाकात जाईल, गावात बरं दिसत न्हाय, शीट मळंल. तलाठ्याला बसवलं. पावण्यांना बसवलं. एकदा नळदुर्गच्या बाजारातनं शेळी आणली ह्या गाडीत. शेळी बसली, म्या न्हाय."

काकू हसल्या. शेळीचं ऐकून मला बी हसू आलं, खोटं कशाला बोलू, अन् त्याची लाज बी वाटली.

आमच्या मिस्त्रींच्या डोळ्यांत तर पाणीच. अंगणात पाच-पंचवीस माणसं जमलेली. त्यांच्यासमोर ह्यांनी कंबरेचा पाना काढला, वर धरला अन् जबान दिली, "काकू, तुम्हाला ह्या गाडीत बसवून फिरवीन. न्हाय फिरवलं, तर हा पाना परत हातात धरणार न्हाय!"

आता झालं. पाना सोडला तर हा माणूस दिवसभर घरात बसंल. अन् घरात कुकर हाय, शिलाई मशीन हाय, टीव्ही हाय. सगळं गोणपाटावर येईल.

पयल्या दिवशी गाडी ढकलून अंगणात घेतली. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, वायरी सोडवल्या, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट सोडवला, गिअरचा दांडा उपसला. ट्रॅक्टरला इंजिन अन् गिअरबॉक्स म्हंजेच अंगाचा सांगाडा असतो. ह्या गाडीत तसं न्हाय. गिअरबॉक्सला दोन शिटांच्या मधी, पायापाशी, वेगळा आधार होता अन् त्याला चार बोल्ट. तीन निघाले. चौथा गंजलेला. "त्याला रातभर डिझेल पाजतो, सकाळी हसत निघंल," असं म्हणून हे उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर गाडीत काकू बसलेल्या. अन् कुठं? तर चालवायच्या शिटावर. इरकल साडी, नाकात नथ, दोन्ही हात स्टेरिंगवर.

अमरसिंह हात जोडून उभे. "आई, उतर. आज इंजिन काढायचंय. फिरायचं नंतर."

"काढा की. म्या कुठं धरून ठेवलंय इंजिन? ते पुढं हाय, म्या मागं. पन्नास वर्सांनी बसलेय, आता उठायची न्हाय."

अन् काकूंची ती नऊवारी पसरलेली होती नेमकी त्या चौथ्या बोल्टावर.

आमचे मिस्त्री दाराशी गेले. वाकले. परत सरळ झाले. टोपी नीट केली. परत वाकले. बोल्ट काकूंच्या गुडघ्यापाशी, निऱ्यांच्या खाली. आता ब्याऐंशी वर्सांच्या बाईच्या पायापाशी परक्या पुरुषानं हात घालायचा कसा? सांगायचं तरी कसं, की काकू, जरा निऱ्या सरकवा? ह्यांच्या घराण्यात मोठ्यांसमोर पाय पसरून बसायची सुद्धा चाल न्हाय. हे घामाघूम झाले. शेवटी मागं सरकले अन् इंजिन उचलायला यारी घेऊन आलेल्या बजरंगला हात केला, "चल, घे वर!"

मनात म्हणाले म्हणं, एकच बोल्ट, जुना, गंजलेला, ओढला की तुटंल. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्या तिथं चार पावलांवर उभी होते, शेडातनं उचललेल्या दोन अंड्यांची पिशवी घेऊन. मला एका शब्दानं विचारलं न्हाय.

बजरंग सास्तूरचा. विहीर खांदताना दगडमाती वर काढायची जी यारी असते ना, डिझेलवर चालणारं देशी क्रेन, ते घेऊन तो गावोगाव फिरतो. वीस वर्सं एकच काम. खालनं इशारा आला की पाटी वर ओढायची, यारी फिरवायची, ढिगावर न्यायची, पाटी उलटी करायची. तोंडात तंबाखू, नजर दोराच्या रहाटावर, अन् यारीच्या इंजिनाचा असला आवाज की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी ऐकू येऊ नये.

इंजिनाला बांधलेली यारीची साखळी ताणली. इंजिन चार बोटं हललं. माणसं "खंडोबाच्या नावानं येळकोट" ओरडली. मग इंजिन थांबलं, अन् गाडी उठली!

त्या कमबख्त बोल्टानं गिअरबॉक्स सोडलाच न्हाय. गाडीचं नाकाड वर, मागची दोन चाकं जमिनीवर, अन् काकू अशा मागं रेललेल्या, जशा काय सलूनच्या खुर्चीत बसल्यात.

"थांब! थांब रं बजरंग!" अख्खं अंगण हात हलवायला लागलं. मिस्त्री दोन्ही हात हलवतायत, अमरसिंह उपरणं हलवतायत, म्या पिशवी हलवतेय, त्यात एक अंडं गेलं.

बजरंगनं हात बघितले अन् अजून जोरात ओढलं. का, तर विहिरीत सुरुंगाची वात पेटली की खालची माणसं असेच दोन्ही हात हलवतात, मला लवकर वर ओढ म्हणून. त्यानं इमानदारीत जीव वाचवायचं काम केलं. वर ओढलं अन् सवयीनं यारी फिरवली, ढिगाकडं. ढीग म्हंजे अमरसिंहांचा उकिरडा.

गाडी निघाली की हो! मागच्या दोन चाकांवर, नाक वर करून, अंगणात गोल. तुळशीला वळसा घातला. कडब्याच्या गंजीला घासून गेली. कोंबड्या एकीकडं, माणसं दुसरीकडं. अमरसिंह "आई! आई!" करत मागं पळतायत, त्यांच्यामागं आमचे मिस्त्री या अल्ला, या अल्ला करत, अन् एक टोपी अन् एक चप्पल वाटंत पडलेली. तौबा तौबा! अन् काकू? काकू स्टेरिंग फिरवत होत्या. पदर एका हातानं डोक्यावर घेतला अन् दुसऱ्या हातानं डावीकडं वळवली.

उकिरड्यापाशी बजरंगनं यारी थांबवली, पाटी उलटी करायला मागं वळला, अन् त्याला पाटीत दगडाच्या जागी काकू दिसल्या. तंबाखू गिळली त्यानं. मग हळूहळू, एक एक बोट, गाडी खाली टेकवली.

काकू नथ सरळ करत म्हणाल्या, "वळते चांगली. ब्रेक तेवढे लागत न्हाईत."

अमरसिंह लालबुंद. "मिस्त्री! सामान उचला अन् चालते व्हा. आईचं काय झालं असतं म्हंजे?"

आमच्या मिस्त्रींनी कंबरेचा पाना काढला अन् गाडीच्या दाराशी, खाली मातीत ठेवला. बासष्ट वर्सांचा माणूस, लेकरासारखं तोंड झालं होतं. लई राग होता मला त्या माणसाचा, पण त्या घडीला मला वाटलं, घरातला कुकर, टीव्ही, सगळं उघडू दे, पण ह्यांचा पाना नको सुटायला.

"अमर," काकू म्हणाल्या, "कुणाला बोलतोस? त्यानं काय जबान दिली होती? गाडीत बसवून फिरवीन. मग, फिरवलं की. तुझ्या बापाला पंचवीस वर्सांत जमलं न्हाय, ते ह्यानं इंजिन चालू नसताना केलं. दादामियाँ, उचल तो पाना."

मिस्त्रींनी उचलला. डोळे पुसले.

"आता सांग, अडलंय कुठं?"

मिस्त्री टोपी शोधायला लागले. शेवटी पुटपुटले, "काकू, तुमच्या... त्या... पायापाशी एक बोल्ट हाय."

"अरे मग सकाळीच सांगायचं की!"

"कसं सांगू, काकू?"

तवा माझं डोकं फिरलं. "अजी, कसं सांगू म्हंजे? म्या इथं काय अंडी धरायला आले का? माझ्या हातात पाना दिला असता तर?"

"तू?" हे म्हणाले. असं बघितलं माझ्याकडं, जसं कुकरनंच तोंड उघडलं.

म्या राहिलेलं अंडं अमरसिंहांच्या हातात दिलं, ह्यांच्या हातातला पाना घेतला, बुरखा सावरला अन् दुसऱ्या बाजूनं गाडीत शिरले. काकूंनी निऱ्या सरकवल्या. बोल्ट दिसला. डिझेल पिऊन बसला होता लबाड. हिसका दिला, हलला न्हाय. काकू म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव घे अन् मार." चार वर्सांची चटणी आठवली अन् मारला हिसका. कडकन निघाला.

दहा मिनिटांत इंजिन अन् गिअरबॉक्स जोडीनं वर आले, तिरपे, ग्रीस गाळत. बजरंगनं ते उकिरड्यावर न्यायच्या आत चौघांनी त्याचे हात धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्री इंजिनाला मिठी मारून काळे झाले, अन् अमरसिंह हातातलं अंडं सांभाळत म्हणाले, "आई, इंजिन बसू दे. मग म्या सोताच तुला खंडोबाला फिरवून आणतो."

काकूंनी स्टेरिंग सोडलं न्हाय. "तू बाजूला बस," त्या म्हणाल्या. "म्या नेते."

इंजिन आता आमच्याकडं गोणपाटावर हाय, उघडलेलं. हे समोर बसून चहा पितात अन् वा वा करतात. काकूंचा दर रविवारी फोन येतो, "कधी?" हे "झालंच" म्हणतात. पण ह्या वेळंला गिऱ्हाईक आलं तरी हे उठत न्हाईत, हे म्या बघितलंय.

अन् त्या दिवशी अणदूरहून घरी आल्यावर म्या हातपाय धुतले, चहापत्तीच्या डब्यातले स्क्रू काढले, फळीवरचा मिक्सर खाली घेतला अन् ह्यांच्या पेटीतला पेचकस घेतला. आत एक वायर सुटली होती. एकच. पाव घंट्यात बसवला. दोन स्क्रू उरले, ते खिडकीतनं बाहेर फेकले.

बटण दाबलं तसे हे गॅरेजातनं पळत आले. "कुणी केला? कसा केला? मला का न्हाय विचारलं?"

म्या झाकण घट्ट दाबून धरलं अन् शेंगदाण्याची चटणी वाटून काढली.