रामवाडीची पियानोबाई

मंगल, ये गो, अशी जवळ बस. आधी तुला चार शब्द बोलून घेते. हेल्गाबाई गेली त्याला महिना होत आला. पेणात सगळ्यांना कळलं, कासूच्या स्टेशनाबाहेरच्या भजीवाल्याला कळलं, आणि पनवेलात बसलेल्या तुला कळलं नाही म्हणतेस? कळलं होतं. पाय निघाला नाही, एवढंच. का निघाला नाही तेही मला ठाऊक आहे, म्हणून तर पेपरात लिहिते आहे. पत्र पाठवलं असतं तर तू न फोडता ठेवून दिलं असतंस.

त्या सकाळी मी नेहमीसारखी पेज घेऊन गेले. कडी वाजवायच्या आधी आतून “ये गो” यायचं, ते आलं नाही... खुर्चीतच होती, चष्मा नाकावर, मान जरा कलती. पेज गरम होती अजून.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेल्गाबाई जर्मनीची. तरुणपणी तिकडच्या मोठमोठ्या हॉलमध्ये पियानो वाजवायची. आपले वसंतराव तिकडे इंजिनीअरिंग शिकायला गेले, तिथे गाठ पडली, आणि ती त्यांच्याबरोबर रोह्याला कंपनीच्या कॉलनीत राहायला आली. आम्ही समोरच्याच घरात. मागाहून ट्रकातून तिचा पियानो आला. उतरवणाऱ्यांतल्या एकाने विचारलं, “ह्यात काय ठेवता बाई, गाद्या?” तिला तेव्हा मराठी कळत नव्हतं. नंतर कळायला लागलं तेव्हा ती स्वतःच हे सांगून हसायची.

पहिल्याच दसऱ्याला गंमत झाली. कंपनीत यंत्रांची पूजा होती, ही दोघं तिकडे गेलेली. कॉलनीतल्या बायकांना वाटलं, घरातलं एवढं मोठं यंत्र बिनपूजेचं कसं ठेवायचं? झाकण उघडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि मूठभर अक्षता टाकल्या त्या नेमक्या पट्ट्यांवर. संध्याकाळी ही वाजवायला बसली तर निम्म्या पट्ट्या दाबल्या त्या वर येईनात. तोंड लालेलाल! दारात जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, “रागावू नका बाई, सगळ्यांची पूजा झाली, ह्या पेटीचीच राहिली असती.” हेल्गाबाईच्या हसता हसता डोळ्यांत पाणी. “जर्मनीत कुणी केला नाय हिची पूजा,” म्हणाली; तोवर मोडकंतोडकं मराठी यायला लागलं होतं. विणायच्या सुईने तांदूळ काढत बसली होती. पुढच्या दसऱ्यापासून झाकणावर स्वतःच कापड घालायची, बायकांना बोलवायची आणि पूजा झाली की त्यांच्यासाठी वाजवायची.

वसंतराव गेले आणि कॉलनीतली जागा सुटली. आम्ही तोवर पेणला रामवाडीत आलो होतो. मीच म्हटलं, “शेजारचं घर रिकामं हाय, ये तिथे.” तिथेच तिची शिकवणी सुरू झाली. मी भाकरी थापताना ती माझ्या मनगटाकडे टक लावून बघायची, आणि मग पोरांना आणून माझ्या चुलीपुढे उभं करायची. “बघा, हात सैल हाय, पण झोपलेला नाय. तुमचा हात बोंबील हाय, बोंबील!” पोरं खिदळायची.

आणि तू... मिठागरावर राबणाऱ्याची लेक, दर रविवारी कासूहून गाडीने यायचीस. मुंबईच्या कार्यक्रमात तुला वाजवायला बसवायचं तिनेच ठरवलं. अर्ध्यावर तुझे हात थांबले. जरा वेळ मांडीवर घेऊन बसलीस, मग उठून आत गेलीस. त्यानंतर तू रामवाडीची पायरी चढली नाहीस. लग्न झालं, पनवेलला गेलीस.

मी एकदा रागात बोलून गेले, “पोरीने तुझं नाक कापलं.” तशी माझ्यावर उसळली. “मी पण थांबली होती! भर हॉलमध्ये. बोटं विसरली. उठून पळाली, मग त्या स्टेजवर कधी गेली नाय. लोक म्हणतात, वसंतसाठी वाजवणं सोडलं. नाय गो. सोडलं आधी, वसंत भेटला मागून.” मी म्हटलं, “मग हे मंगलला सांग की.” तर म्हणाली, “येईल तेव्हा सांगेन. तिच्या घरी जाऊन सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी समजूत काढते.”

तू आली नाहीस, आणि ते तिच्याजवळच राहिलं. म्हणून मी सांगते आहे. ती तुझ्यावर रागावली नव्हती, मंगल. एका दिवसासाठीसुद्धा नाही.

अजून एक, जे तुला माहीत नाही. तुझी रविवारची वेळ तिने कुणालाच दिली नाही. डॉक्टरीणबाई आपल्या मुलीसाठी मागायला आल्या, तर “रविवार भरलेला हाय” म्हणून वाटेला लावलं. आणि रविवार सकाळ झाली की पियानोचं झाकण उघडून, दार सताड उघडं टाकून एकटीच बसायची. कासूकडच्या गाडीतून उतरलेली माणसं रस्त्याने निघून गेली की मग उठायची.

आता दार मी उघडते. वसंतरावांचा पुतण्या पियानो पुण्याला न्यायचं म्हणतो. त्याला म्हटलं, थांब जरा, एक माणूस यायचं आहे. पण तो किती थांबणार?

तेव्हा ये गो, या रविवारीच ये. नुसती बसलीस तरी चालेल. वाजवायला घेतलंस आणि अर्ध्यावर थांबलीस तर थांब, आपण दोघी जेवून घेऊ, मग उरलेलं वाजव.