बाबांचा जर्मनीचा व्हिसा

मागच्या महिन्यात मी याच ग्रुपवर विचारलं होतं, भारतात जाताना फ्रँकफर्टला एक अख्खा दिवस मिळतोय, तर बाबांना हायडलबर्ग दाखवू की माइन्झ? तुम्ही भरभरून उत्तरं दिली होती.

बाबा किती वेळा फ्रँकफर्टवरून गेले असतील. पण इंडियन पासपोर्ट, त्यामुळे जर्मनी कायम एअरपोर्टच्या काचेतूनच बघायचे. म्हणून या वेळी त्यांच्या व्हिसासाठी अप्लाय केलं होतं. शहर कुठलं ते विचारलं की म्हणायचे, “मला फक्त त्या काचेच्या पलीकडे ने.”

दोन आठवड्यांपूर्वी बाबा गेले.

आज दुपारी इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या घरी कुरियर आलं. बाबांचा पासपोर्ट होता, आत व्हिसा लागलेला.

माझं तिकीट मी कॅन्सल केलेलं नाही. त्याच फ्लाइटने बाबांच्या अस्थी नाशिकला नेतोय. शेजारच्या मावशी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अस्थी घेऊन गावभर फिरू नये रे. एअरपोर्टवरच बसून राहा.” मलाही ते पटलं.

माझी मुलगी मघापासून तो पासपोर्ट हातात धरून बसली होती. ती म्हणाली, “बट आजोबा हॅज द व्हिसा.”

मावशींनी तिच्याकडून पासपोर्ट घेतला, बाबांचा फोटो बराच वेळ बघितला. मग मला म्हणाल्या, “अस्थींची पिशवी मात्र खाली टेकवू नकोस. मांडीवर घेऊन बस.”

म्हणून पुन्हा विचारतोय. हायडलबर्ग की माइन्झ? नदीकाठी दिवसभर निवांत बसता येईल, असा बाक कुठे आहे?