मामींच्या रांगोळीत मांगूर

मासा जिना उतरू शकतो, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. (इंजिनिअरिंगला हे शिकवत नाहीत.)

आई गेली आणि मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगलीहून चेन्नईला घेऊन आलो. इथं ते दिवसभर एकच वाक्य बोलायचे, "रविवारचं तिकीट काढ." तिकडच्या रिकाम्या घरात त्यांना एकटं पाठवायला मी तयार नव्हतो. शेवटी पेरुंगुडीला ऑफिसला जाताना मी त्यांना वाटेतल्या एका तळ्यावर सोडायला लागलो. कृष्णेकाठी वाढलेला माणूस! गळ आणि डबाभर गांडुळं हातात आली, की अण्णा तिकीट विसरायचे.

गांडुळं ते आमच्या घरमालकीणबाईंच्या मोगऱ्याखालून उकरत. या बाई तंजावरच्या मराठी, एकट्या, खालच्या मजल्यावर राहतात. अड्यारमधली आमची सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते.

"तुमचे बाबा आमच्या झाडांस किती जपतात की!" मामी कौतुकानं म्हणायच्या. मी नुसती मान डोलवायचो. कारण घर देताना त्यांनी एकच अट घातली होती : मराठी माणसं म्हणून देते, पण मांस-मच्छी घरात येता कामा नये!

आणि एका गुरुवारी संध्याकाळी अण्णा बादली घेऊन आले. आत काळाकुळकुळीत, मिशाळ, जिवंत मांगूर!

"अण्णा, अट!" बायको कुजबुजली.

"आज गुरुवार. आज कोण कापतंय?" अण्णा हसले. (गुरुवारी मासा कापायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. कुठल्याच वारी कापायचा नाही, हा मामींचा.) आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच असे हसले होते. मग मासा परत नेऊन सोडा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"बादलीवर झाकण ठेव, झाकणावर वरवंटा ठेव. मांगूर चालतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मासा आहे तो, मांजर नाही!" असं म्हणून मी जिन्याजवळ ठेवलेल्या बादलीवर वर्तमानपत्र पसरलं आणि निवांत झोपलो.

पहाटे पाऊस झाला, जिना ओला झाला. आणि सकाळी खालून किंकाळी आली, "अय्यय्यो! दारांत मीन आला की!"

धावत खाली गेलो. मामींनी तांदळाच्या पिठानं नुकत्याच घातलेल्या रांगोळीच्या मधोमध मांगूर वळवळत होता. त्या पिठात असा काही घोळला गेला होता, की तव्यावर टाकायचाच बाकी!

"पावसात कुठूनतरी वाहत आला असेल, मामी!" मी ठोकून दिलं आणि त्याच्यावर झडप घातली. मांगूरला कल्ल्यांपाशी काटे असतात. त्यातला एक माझ्या बोटात घुसला.

"आई गंऽऽ!"

"अरे, माझा मांगूर असा धरू नकोस!" जिन्यावरून अण्णा ओरडले.

झालं! खेळ खलास.

अण्णा मान खाली घालून उतरले. "बाई, चूक माझी. मी रविवारी जातो. पोराचं घर तेवढं काढून घेऊ नका." मी बोटाचं दुखणंसुद्धा विसरलो.

मामींनी वाकून मांगूरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मीन जिता आहे न? मग पाण्यांत सोडूं या. मीही येते. या तुमच्या पोरावर माझा विश्वास नाही!"

आणि दोघं बादली घेऊन रिक्षात बसून गेले.

तेव्हापासून रोज जातात. गळाचा आकडा मामींनी काढून टाकायला लावला. अण्णा नुसत्या दोरीला पिठाची गोळी बांधून बसतात, मासे ती खाऊन पसार होतात, आणि दोघं कौतुकानं बघत राहतात. तिकिटाचं नाव निघत नाही.

परवा अण्णा सांगलीला आत्याशी फोनवर बोलत होते. "इथं झकास चाललंय. तळं आहे, मांगूर आहेत, मामी आहेत, सूनबाई जीव लावते..." मी दाराआड उभा राहून माझं नाव यायची वाट बघत होतो. शेवटी आत्यानंच विचारलं असावं.

"तो होय?" अण्णा म्हणाले, "तोही इथंच असतो."